साहेबासाठी स्थळ

३ फेब्रुवारी

अठ्ठावीस वर्षं लोकांची लग्नं जमवली आणि आज एका कुत्र्यांच्या निवाऱ्यात स्थळं जुळवायचं काम अंगावर घेतलं. तारीख लिहून ठेवते. पुढे कोणी विचारलं की ही दुर्बुद्धी कधी सुचली, तर सांगता येईल.

कार्यालय बंद करून दोन महिने झाले. हल्ली मुलं-मुली एकमेकांना फोनवरच पसंत करतात आणि अंगठ्याने नापसंतही करतात, मधे माझ्यासारखीचं काय काम? घरात बसून मी कपाटं आवरत होते. आवरलेली पुन्हा आवरत होते. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, सोड आता त्या कपाटांचा जीव." एरवी ती दिवसाला दहा वाक्यं बोलत नाही, त्यातलं एक माझ्या कपाटांवर खर्च केलं.

आज सकाळी डॉक्टरीणबाई आली. ही जनावरांची डॉक्टर. तिचं लग्न मीच जमवलेलं, आणि ते टिकलेलंही आहे, त्यामुळे तिचा माझ्यावर भारी विश्वास. शहराबाहेर ती बेवारस कुत्र्यांसाठी निवारा चालवते.

"मावशी, लोक हौसेने कुत्रं नेतात आणि पंधरा दिवसांत परत आणून सोडतात," ती म्हणाली. "तुम्ही येऊन जरा जुळवून द्या ना."

"मला कुत्र्यातलं काय कळतं?"

"माणसातलं कळतं ना? चुका तीच करतात."

हो म्हणून बसले.

६ फेब्रुवारी

निवारा पाहिला. तीन रांगा, एकेका रांगेत बारा जाळ्या, आणि सगळे एकदम बोलणार. कार्यालयात वधुपिते जमले की असाच गलका असायचा, त्यामुळे मला काही नवीन वाटलं नाही.

शेवटच्या जाळीतला एकटाच गप्प होता. पुढचे पाय जुळवून, छाती काढून, दाराकडे तोंड करून बसलेला. कामावर उशिरा येणाऱ्यांची हजेरी घ्यायला बसलाय असं वाटलं. म्हणून मी त्याला 'साहेब' म्हटलं आणि तासाभरात सगळे तेच म्हणू लागले.

डॉक्टरीणबाईने त्याची हकीकत सांगितली. मालक म्हातारे, एकटे राहायचे. एक दिवस पिशवी भरून दवाखान्यात निघाले. शेजाऱ्यांदेखत याच्या डोक्यावर हात ठेवून "येतो हं" म्हणाले आणि दवाखान्यातच वारले. साहेब एकोणीस दिवस त्या दारासमोर बसून होता. शेजारी खायला ठेवायचे, हा तोंड लावायचा नाही. नंतर एका मास्तरांनी त्याला नेलं आणि आठव्या दिवशी परत आणलं. कारणाच्या रकान्यात नुसतं 'जमलं नाही'.

"अजून दोनदा परत आला की मला त्याला डोंगरापलीकडच्या आवारात पाठवावं लागेल," ती म्हणाली. "माझ्याकडे जाळ्या छत्तीस आणि दारात रोज नवीन कुत्रं. नाइलाज आहे."

त्या आवाराबद्दल मी मुकादमांना विचारलं. निवाऱ्यात साफसफाई आणि खाणंपिणं तेच बघतात. म्हणाले, "दीडशे कुत्री, दोन माणसं. पोटाला मिळतं. पण तिथे कोणी बघायला येत नाही, बाई."

म्हणजे स्थळं संपली. अशी माणसं मी पाहिली आहेत. मनात आलं, याचं मी जमवूनच दाखवीन.

७ फेब्रुवारी

निवाऱ्याचा माहितीचा कागद अगदीच रुक्ष. 'कुत्रा, नर, वय अंदाजे सहा, उपास करतो, रडतो.' असं लिहिल्यावर कोण पसंत करणार? मी नवा कागद लिहिला:

'वय सहा. वर्ण गव्हाळ. बांधा मध्यम. स्वभाव शांत, एकनिष्ठ. आहार मोजका. घराची विशेष ओढ. पूर्वीचं घर परिस्थितीमुळे सुटलं.'

यात एक अक्षर खोटं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, या एका म्हणीवर माझं कार्यालय चाललं. तिरसट मुलाला मी 'स्पष्टवक्ता' लिहायची, आळशाला 'समाधानी'. एकदा घरात आलं की माणसं सांभाळून घेतात. पदरी पडलं पवित्र झालं.

रात्रीच्या जेवणाला मुलीला कागद वाचून दाखवला. तिने ऐकून घेतला आणि म्हणाली, "छान लिहितेस. पहिल्यापासूनच." मग ताट उचलून आत गेली. तिचं हे असंच. सासरहून परत आली त्याला दोन वर्षं झाली, पण का आली ते धड सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. स्थळ उत्तम होतं. अकरा माणसांचं भरलेलं घर, सतत येणं-जाणं, कोणाचीही दृष्ट लागावी असं. नशीब म्हणायचं, दुसरं काय.

१० फेब्रुवारी

साहेबाला बघायला आज पहिले लोक आले. नवरा-बायको दोघंही बँकेत. घर मोठं, नोकऱ्या पक्क्या, कपड्यांना कडक इस्त्री. माझा कागद वाचून बाई म्हणाल्या, "आम्हांला असाच हवा होता. शांत."

साहेबाने त्यांच्या बुटांचा वास घेतला आणि दाराकडे तोंड करून बसला. मी म्हटलं, "बघा, तुमच्याबरोबर निघायची घाई झालीय." माझी जीभ अशा वेळी कधी अडखळत नाही.

घेऊन गेले. मुकादमांना म्हटलं, "याला म्हणतात अनुभव."

१८ फेब्रुवारी

परत आला.

१९ फेब्रुवारी

काल लिहायला हात चालला नाही.

बँकवालीण बाई तो कागद घेऊनच आल्या होत्या. सगळ्यांसमोर त्यांनी एकेक शब्द वाचला. "'घराची विशेष ओढ.' म्हणजे आम्ही कामाला निघालो की हा दाराशी बसून दिवसभर विव्हळतो. 'आहार मोजका.' म्हणजे संध्याकाळपर्यंत पाण्यालासुद्धा तोंड लावत नाही. शेजारी भांडायला आले हो. आधी सांगितलं असतंत तर आम्ही नेलाच नसता. त्याचे आणि आमचे आठ दिवस तरी वाचले असते."

मी म्हटलं, "थोडं सांभाळून घेतलं असतंत तर..."

"मी त्याला सांभाळायलाच नेला होता," त्या म्हणाल्या. जाताना साहेबाच्या पाठीवर हात फिरवून गेल्या. बाई वाईट नव्हती, आणि माझ्या कामाचा सगळ्यांत जास्त त्रास तिलाच झाला.

आता एकच संधी उरली. माझ्या फुशारकीपायी त्याची एक वाया गेली हे मला कळतं.  डॉक्टरीणबाईने दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच्या जाळीत तेवढ्यात एक व्यालेली कुत्री आणून ठेवली होती. मी म्हटलं, चार दिवस माझ्याकडे राहू दे.

२३ फेब्रुवारी

साहेबाचा माझ्यावर फार जीव जडलाय, हे कबूल करायला हवं.

मी भाजी आणायला निघाले की हा लगेच उठून दाराशी जाऊन बसतो. मी परत येईपर्यंत तिथून हलत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकू सांगत होत्या की विव्हळणं जिन्यात ऐकू येतं. आणि मुलगी कामाला जाते तेव्हा? डोळा उघडून बघतो आणि पुन्हा झोपतो. ती बिचारी दिवसभर रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या बघते, घरी आल्यावर त्याला फिरवते, खायला घालते, आणि याला तिचं काही नाही. जनावराला माणूस बरोबर कळतं म्हणतात.

मी तिला तसं म्हटलंही. ती हसली. तिला हसताना बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं, म्हणून मी तो विषय आणखी थोडा वाढवला.

२७ फेब्रुवारी

माझं नाक आज साफ कापलं गेलं. कापणारी घरचीच.

जेवण झाल्यावर मुलीने एक कागद समोर ठेवला. प्रयोगशाळेत ठेवतात तसा तक्ता. चार दिवसांत कोण कधी बाहेर गेलं, जाताना काय बोललं, साहेबाने काय केलं. अगदी दूधवाला दारावरून गेला त्याचीही नोंद.

"आई, तू गेलीस म्हणून तो बसत नाही," ती म्हणाली. "तू 'येते' म्हणतेस म्हणून बसतो."

"काहीतरीच."

"दूधवाला रविवारी 'येतो काकू' म्हणाला, तेव्हाही दाराशी गेला. तो काय त्याचा लाडका आहे? मी काही न बोलता जाते, तर झोपून राहतो."

मी तक्ता दोनदा वाचला. एकोणीस दिवस दारासमोर बसलेला कुत्रा, आणि म्हाताऱ्याचा शेवटचा शब्द. हे डॉक्टरीणबाईने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मात्र तो माझ्यावर भाळलाय म्हणून गावभर मिरवत होते.

आपल्या बोलीत घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. लहानपणी चुकून 'जाते' म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालून 'येते म्हण' म्हणायची. याला वेगळं काय शिकवलं होतं? येतो म्हटलंय म्हणजे येणार. तो बसतो ते आपल्या भाषेवर विश्वास ठेवून.

२८ फेब्रुवारी

प्रयोग केला. पिशवी घेतली, काही न बोलता बाहेर पडले. साहेब घोरत होता. दुपारी 'जाते' म्हणून बघायचं ठरवलं, पण शब्द ओठांबाहेर पडेना. दोन मिनिटं उंबऱ्यात तोंड उघडं ठेवून उभी. शेवटी "मी बाहेर आहे" असं पुटपुटून निघाले. शेजारच्यांनी पाहिलं असणार.

संध्याकाळी मुलीला विचारलं, "तू कधीपासून न बोलता जायला लागलीस? पूर्वी म्हणायचीस ना, येते म्हणून."

ती साहेबाच्या कानामागे खाजवत होती. म्हणाली, "तिकडे रोज सकाळी अकरा जणांना सांगून निघावं लागायचं. एकाला सांगायचं राहिलं तर संध्याकाळी त्यावर चर्चा. दारापर्यंत पोचेतो माझ्या छातीत धडधडायला लागायचं. मग ती सवयच सुटली."

"पण तुला तर माणसांची आवड..."

"ते तू लिहिलं होतंस, आई."

 कुकर बघायला उठले, कुकर लावलेलाच नव्हता.

१ मार्च

साहेबाचा नवा कागद:

'वय सहा. घरातून निघताना कोणी "येतो" म्हटलं की दाराशी बसतो, विव्हळतो, ते माणूस परत येईपर्यंत खात नाही. न बोलता गेलं तर त्रास देत नाही. दोन घरांतून परत आला. त्यातल्या दुसऱ्या घराला आम्ही ही गोष्ट सांगितली नव्हती, चूक आमची. चावत नाही. बाकी काय आहे ते भेटल्यावर दिसेल.'

लिहिताना अंगावर काटा आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टरीणबाईने वाचलं आणि फळ्यावर लावलं.

९ मार्च

आठवड्यात तिघे येऊन गेले. पहिल्याने उभ्याउभ्याच वाचलं आणि पिल्लांच्या जाळीकडे वळला. दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे सतत कोणी ना कोणी येतो-येतो करत असतं, कोणाकोणाचं तोंड धरू?" हे मात्र खरं बोलल्या. तिसरा म्हणाला, "दोनदा परत आलेला म्हणजे त्याच्यातच खोट असणार."

मुलगी माझ्याबरोबर आली होती. हे वाक्य तिनेही ऐकलं. मी त्या माणसाला असं काही बोलले की मुकादमांनी बादली खाली ठेवून ऐकलं. काय बोलले ते इथे लिहीत नाही.

डॉक्टरीणबाईने आज विचारलं, डोंगरापलीकडे कळवून ठेवू का. मी म्हटलं, या महिनाअखेरपर्यंत थांब. ती बरं म्हणाली, पण तिच्याही दारात रोज नवीन जीव येताहेत, हे मला दिसतं. माझ्या घरी ठेवून घ्यावा असंही मनात आलं. पण आमच्या जिन्यावर दिवसातून वीस जण येतो-येते म्हणत उतरतात, आणि साहेब प्रत्येकासाठी उपाशी राहतो. गेल्या पंधरा दिवसांत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या आहेत.

१२ मार्च

आज एक कुटुंब आलं. नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करतो. घरोघर फिरतो, म्हणून सगळे त्याला मशीनवाले म्हणतात. बायको घरी बसून कपडे उसवून-शिवून देते. त्यांनी फळ्यावरचा कागद शेवटपर्यंत वाचला, मग एकमेकांकडे पाहिलं.

"ताई, आमच्याकडेही एक अडचण आहे," मशीनवाले म्हणाले. "ती आधी सांगतो."

अठ्ठावीस वर्षांत हे वाक्य कोणी आपणहून उच्चारलं नव्हतं. मी खुर्ची पुढे ओढली.

त्यांच्या आईला विसर पडतो. वडील बस चालवायचे, जाऊन सहा वर्षं झाली, पण आईच्या लेखी ते अजून कामावर आहेत. सकाळपासून ती दाराशी खुर्ची टाकून बसते आणि सुनेला विचारत राहते, हे आले का? "खरं सांगितलं तर दर वेळी नव्याने रडतात," सून म्हणाली. "येतील म्हटलं तर जागच्या हलत नाहीत. जेवायला उठवताना रोज झटापट. डॉक्टर म्हणाले, एखादं शांत, वयस्कर जनावर बघा, सोबत होईल."

आणि मग मशीनवाल्यांनी खरी मेख सांगितली. "मी निघताना आईला 'येतो हं' म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर ती घाबरते, मागे रस्त्यावर येते. दोनदा हरवली आहे. तो शब्द मला टाळता येणार नाही."

झालं. कुत्र्याला जो शब्द सोसत नाही, तो या म्हातारीला रोज हवा. छत्तीसचा आकडा. कार्यालयात असते तर मी हे दोन कागद एका फायलीतसुद्धा ठेवले नसते.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. सून म्हणाली, "तो दाराशी बसतो म्हणता. आमच्याकडे दाराशी एक खुर्ची आहेच."

विचार करून सांगते म्हटलं. घरी आल्यावर मुलीशी बोलले. ती म्हणाली, "तू नेहमी गुण जुळवत आलीस. दोष जुळतात का ते कधी बघितलंस?"

१४ मार्च

त्यांच्या घरी जाऊन आले. दोन खोल्या, तळमजला. पुढच्या खोलीत कापडाचे गठ्ठे, उघडी यंत्रं, तेलाचा वास. आजी दाराशी. मला बघून म्हणाल्या, "यांना भेटायला आलात? बसा, येतीलच."

साहेबाला बरोबर नेलं होतं. तो आजींच्या चपलांचा वास घेऊन जवळ बसला. मशीनवाले पेटी उचलून म्हणाले, "आई, येतो हं." साहेब ताठ झाला, दाराच्या फटीला नाक लावून बसला आणि थोड्या वेळाने विव्हळायला लागला. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

आजींनी वाकून त्याच्याकडे पाहिलं. "काय रे, तुझंही माणूस कामावर गेलं का?" आणि सुनेला हाक मारली, "अगं, याला काहीतरी खायला दे. किती वेळचा उपाशी बसलाय."

सुनेने पाव दिला. आजींनी तुकडा मोडून त्याच्या तोंडाजवळ धरला. त्याने मान फिरवली. आजींनी धरूनच ठेवला, हात भरून आला तरी. त्याने खाल्ला नाही. पण विव्हळणं थांबलं.

एवढ्यावर पाठवायचं का? उद्या पाठवायचा म्हटलं तर ही शेवटची संधी. न पाठवला तर दोन आठवड्यांनी तसाही डोंगरापलीकडे. मी सुनेला स्पष्ट सांगितलं, "हा कदाचित दिवसभर विव्हळेल. तुमच्या अंगावर एकाऐवजी दोन होतील. वाटलं तर आत्ताच नाही म्हणा, मला राग येणार नाही." असं सांगायला मी आयुष्यात पहिल्यांदा शिकले, तेही साठीला टेकल्यावर.

ती म्हणाली, "निदान आईंशी बोलायला कोणीतरी असेल. मी बोलून बोलून दमलेय हो."

१५ मार्च

साहेबाला पोचवला. एकवीस दिवसांची मुदत. पाच एप्रिलला येऊन सही करायची, नाहीतर परत द्यायचा.

घरी आल्यावर त्याचं वाडगं घासून पालथं घातलं. मुलगी तिच्या खोलीत होती. आम्ही दोघी आज जेवलोच नाही, दूध पिऊन झोपतोय.

२० मार्च

फोन करायचा नाही असं ठरवलं होतं. केला. सून म्हणाली, "विव्हळतो. कमी, पण विव्हळतो." मागे आजींचा आवाज ऐकू येत होता, काय म्हणत होत्या ते कळलं नाही. सून घाईत होती, तिने फोन ठेवला. मला तो स्वर ओळखीचा वाटला. लग्नानंतर महिन्याभराने मुलीचा फोन यायचा तेव्हा ती अशीच घाईत असायची, आणि मी समजायची की मोठ्या घरात रमली.

२९ मार्च

मुकादम म्हणाले, डोंगरापलीकडून विचारणा आली होती, जागा ठेवायची का. डॉक्टरीणबाईने ठेवा म्हणून सांगितलं. ती चुकली नाही. तरी दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही.

५ एप्रिल

सकाळी नवालाच निवाऱ्यात जाऊन बसले. मुलीनेही सुट्टी टाकली होती. साडेदहा झाले, अकरा झाले. सव्वा अकराला फाटकाशी मशीनवाले दिसले, हातात साहेबाची दोरी. परत आणला, एवढंच मनात आलं. 

मग मागून सून दिसली, आणि सुनेचा हात धरून आजी. मशीनवाले म्हणाले, "याला घरी ठेवून येणार होतो. आई ऐकेना. म्हणाली, त्याला कुठे नेताय ते मला बघायचंय."

कागदपत्रं डॉक्टरीणबाईच्या टेबलावर होती. मशीनवाल्यांनी पेन उचललं, पण मी त्यांना थांबवलं. "आधी सांगा. खरं सांगा. कसं चाललंय?"

मशीनवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिनेच सांगितलं.

"पहिले आठ दिवस वाईट गेले, ताई. तुम्ही फोन केलात तेव्हा मी रडतच होते. हे 'येतो' म्हणून गेले की तो दाराशी, आई खुर्चीत. तो विव्हळला की आई त्याला सांगायच्या, येईल रे, उशीर होतो कधीकधी. दिवसभर त्याचीच समजूत. त्याला सांगता सांगता मला विचारायचं कमी झालं. पण जेवायला दोघंही उठायचे नाहीत."

"मग?"

"संध्याकाळी साडेसहाला हे येतात. पूर्वीही यायचे. पण आई वाट बघत असायच्या सासऱ्यांची, त्यामुळे हे आले तरी त्यांचं वाट बघणं काही संपायचं नाही. हे आत यायचे, आई दाराकडेच बघत राहायच्या. आता हे गल्लीच्या तोंडाशी आले की साहेब उठून नाचायला लागतो. एक दिवस आईंनी टाळी वाजवली. म्हणाल्या, आलं बघ तुझं माणूस. आणि स्वतःहून उठल्या, दार लावलं, आत येऊन जेवायला बसल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा. आता रोज साडेसहाला दार लागतं. दोघांचंही माणूस आलेलं असतं."

"आणि दिवसा खातो का?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"आईंच्या हातून. त्या म्हणतात, मी खाते, मग तूही खा. दोघंही अर्धं अर्धं."

मशीनवाल्यांनी सही केली. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं, कारण मी रडत होते. शेकडो लग्नं लावली, एकाही लग्नात मी रडले नव्हते. आजींनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाल्या, "मुलगी दिलीत का? होतं असं." मुकादम तोंड फिरवून हसले. मीही हसले.

बसने घरी परत येताना मुलगी खिडकीशी बसली होती. मी तिला म्हटलं, "तुझा कागद मी लिहिला तेव्हा तुला विचारलं नव्हतं. तुला गर्दी सोसत नाही हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. स्थळ मोठं होतं म्हणून."

   खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "नशीब नशीब करत बसायचीस ना, त्याने जास्त लागायचं."

"आता नाही म्हणणार."

"मग आता विचार," ती म्हणाली. "तेव्हा विचारायचं होतंस ते सगळं."

घरी येऊन चहा ठेवला आणि विचारायला सुरुवात केली. ती बोलतेय. चार वाजल्यापासून बोलतेय, मधेच रागावते, मधेच हसते, आणि मी एकदाही तिचं वाक्य तिच्यासाठी पुरं केलेलं नाही. आत्ता ती दुसऱ्यांदा चहा ठेवायला उठली तेवढ्यात हे लिहून घेतलं. ती कप घेऊन आली, आता थांबते. तिचं अजून निम्मंसुद्धा सांगून झालेलं नाही.